अपॉपकाच्या मगरी, डीडीटी आणि आपल्या नद्या: कोणी काही मोजलंय का?

माधवी_ऑरलँडो

अमेरिकेत, फ्लोरिडातल्या ऑरलँडोच्या वायव्येला अपॉपका नावाचं मोठं, उथळ तळं आहे. त्याच्या उत्तर काठाने शुक्रवार ते रविवार गाडीतून हळूहळू फिरता येतं. काचेतूनच बगळे, पाणकोंबड्या आणि भरपूर अॅलिगेटर (अमेरिकेतल्या, मगरीच्या भाऊबंद) दिसतात. भारतातून कोणी आलं की मी डिस्नेच्या आधी तिथे नेते. या तळ्याचा इतिहास मात्र अलीकडेच वाचला आणि चक्रावून गेले.

१९४० च्या दशकात उत्तरेची दलदल बांध घालून भाजीपाल्याच्या शेतीला काढली. पुढची पन्नासेक वर्षं तिथलं खत आणि फवारणीचं पाणी पंपाने तळ्यात जात होतं. त्यात १९८० मध्ये काठाजवळच्या टॉवर केमिकल या कंपनीतून डायकोफॉल सांडलं. डायकोफॉल हे पिकावरची कोळी ही कीड मारायचं औषध, आणि त्यात डीडीटीचा अंश होता. पुढच्या चारएक वर्षांत तळ्यातल्या अॅलिगेटरांची पिल्लं जवळजवळ ९० टक्क्यांनी घटली.

फ्लोरिडा विद्यापीठाच्या लुई गिलेट यांच्या गटाने मग पिल्लांचं रक्त तपासलं. निष्कर्ष १९९४ मध्ये छापून आले. सहा महिन्यांच्या माद्यांच्या रक्तात इस्ट्रॅडिऑल (मादीचं हार्मोन) स्वच्छ तळ्यातल्या माद्यांच्या जवळपास दुप्पट. नरांमध्ये टेस्टोस्टेरॉन (नराचं हार्मोन) इतकं कमी, की ते स्वच्छ तळ्यातल्या माद्यांच्या पातळीला आलेलं. वृषणांची रचना विस्कटलेली, लिंग लहान. माद्यांच्या अंडाशयात एकाच पुटकात (अंडपेशीच्या पिशवीत) अनेक अंडपेशी.

ही पिल्लं मेलेली नव्हती, आजारी दिसत नव्हती. म्हणून प्रश्न पडला: आपल्याकडे कृष्णेत, वाशिष्ठीत, सावित्रीत मगरी आहेत, वेळासला समुद्री कासवं आहेत. या नद्यांच्या काठाने शेती आहे, काही ठिकाणी रासायनिक कारखाने आहेत. आपल्या मगरींच्या रक्तात काय चाललंय हे कोणी तपासलंय का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टवाळ_बोका

नराचं टेस्टोस्टेरॉन कमी आहे हे कळायला आधी मगर धरून तिचं रक्त काढावं लागलं असणार. ज्याने ती धरली त्याचं तपासलं का? तिकडे भरपूर निघेल.

मी_चिपळूणकरीण

वाचनखूण साठवली. वाशिष्ठीचं नाव वाचून आत आले. सविस्तर लिहिते, आधी पाहुणे जाऊ देत.

शंकासुर

लेख चांगला, पण उडी मोठी आहे. एक तळं, एक अपघात. त्या तळ्यात खतांमुळे फॉस्फरस इतकं साचलं होतं की शेवाळाने पाणी हिरवं झालं आणि गळाला लागणारे मोठे मासे संपले. सांडलेल्या मालात आम्लही होतं. एवढ्या भानगडी असताना सगळं खापर डीडीटीवर का? हे प्राणी जे खातात तेच संपलं, तर पिल्लं कमी होणारच.

दुसरं, याच डीडीटीने आपल्या आजीआजोबांना मलेरियातून वाचवलंय. फवारणीवाले यायचे, भिंतीवर तारीख लिहून जायचे, ते इथल्या अर्ध्या लोकांना आठवत असेल.

अंतःस्रावी

शंकासुर, तुमच्या शंकेकडे येतो. त्याआधी यंत्रणा समजली तर पुढचं बोलणं सोपं होईल. (पेशा: हार्मोनची प्रयोगशाळा. मगरी फक्त लांबून पाहिल्यात.)

आपल्यात मुलगा की मुलगी हे गुणसूत्रं ठरवतात. मगरी, अॅलिगेटर, समुद्री कासवं यांच्यात ते अंडं किती तापमानाला उबतं यावर ठरतं. अॅलिगेटरमध्ये ३० अंशांच्या आसपास माद्या, ३३ च्या आसपास नर, त्याच्याही वर गेलं की पुन्हा माद्या. आपल्या मगरीतही तसंच: ३१ अंश किंवा खाली माद्याच, साडेबत्तीसला नर. म्हणजे दीड अंशाचा खेळ.

तापमान हे काम करतं हार्मोनच्या मार्फत. गर्भात अॅरोमाटेज नावाचं विकर (एन्झाइम) टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं. ते जोरात चाललं की अंडाशय बनतो, मंद राहिलं की वृषण. अमेरिकेत डेव्हिड क्रूज यांच्या प्रयोगशाळेत लाल कानाच्या कासवांची अंडी नर होतील अशा तापमानाला ठेवली आणि कवचावर इस्ट्रॅडिऑलचा थेंब लावला. पिल्लं मादी निघाली. हेच कासव आपल्याकडे मत्स्यालयाच्या दुकानात विकायला असतं, आणि कंटाळा आला की लोक तळ्यात सोडून देतात. तो वेगळाच गुन्हा आहे, असो.

मग १९९९ मध्ये याच प्रयोगशाळेने अपॉपकाच्या अॅलिगेटर अंड्यांत जी कीटकनाशकं सापडली होती, साधारण त्याच प्रमाणात ती या कासवांच्या अंड्यांवर लावली. डीडीई, क्लोरडेन, नोनाक्लोर वगैरे. त्यांतल्या काहींनी नर व्हायच्या अंड्यांतून माद्या काढल्या. इथे शेवाळ नव्हतं, माशांची उपासमार नव्हती, आम्ल नव्हतं.

आता डीडीई. डीडीटी शरीरात आणि मातीत मोडतं तेव्हा हे उरतं, आणि हे मोडायला फार चिवट. बरीच वर्षं लोक त्याला इस्ट्रोजेनची नक्कल समजत होते. १९९५ मध्ये केल्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की डीडीईचा मुख्य उद्योग निराळा आहे. टेस्टोस्टेरॉन पेशीत ज्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटतं, त्याच्यात हे जाऊन बसतं आणि काहीच करत नाही. कुलपात मोडकी किल्ली अडकावी तसं. खरी किल्ली हातात असून उपयोग नाही.

आणि हे पिल्लात येतं कुठून? आईकडून. मादी वर्षानुवर्षं मासे खाते, विष तिच्या चरबीत साचतं, अंडी तयार होताना ती चरबी पिवळ्या बलकात जाते. गर्भाचा पहिला घासच त्या बलकाचा. जे विष मोठ्या मादीचं काही बिघडवत नाही, ते लिंग ठरायच्या त्या मोजक्या दिवसांत मिळालं की कायमचा बदल करून जातं.

टवाळ_बोका

म्हणजे उन्हाळ्यात पंखा चालू की बंद यावर मुलगा-मुलगी ठरणार. हे व्हॉट्सअॅपवर गेलं तर संपलंच.

बाकी प्रतिसाद आवडला. +१

कृष्णाकाठचा

माधवीताई, तिकडं मगरी कमी झाल्या म्हणून संशोधन होतंय. आमच्याकडं वाढल्यात म्हणून मोर्चे निघतात. भिलवडी-औदुंबर पट्ट्यात या. मोटरीचा फुटबॉल (फूट व्हॉल्व्ह) काढायला नदीत उतरायचं म्हटलं तर दोन माणसं काठावर काठ्या घेऊन उभी करावी लागतात. म्हशी पाण्यात सोडायला लोक घाबरतात. त्यामुळं गावात जाऊन मगरीचं टेस्टोस्टेरॉन कमी झालंय म्हटलं तर लोक पेढे वाटतील.

आता औषधांचं. माझी थोडी द्राक्षबाग आणि ऊस आहे. द्राक्षाला छाटणीपासून काढणीपर्यंत किती फवारण्या होतात ते बागायतदारालाच विचारा, पाऊस लांबला तर हिशेबच नको. ब्लोअर चालला की अर्धं औषध पानावर आणि अर्धं हवेत, असं आमचा तात्या म्हणतो. टाकी धुतलेलं पाणी ओढ्याला, ओढा नदीला. उसात तणाला अॅट्राझीन मारतात, तेही पहिल्या पावसाबरोबर तिकडंच.

गंमत बघा. २०१० ला युरोपात आपली द्राक्षं क्लोरमेक्वाट (वेलीची वाढ रोखणारं औषध) सापडलं म्हणून अडकली होती. कंटेनर बंदरात आणि बागायतदार देशोधडीला. तेव्हापासून प्रत्येक निर्यात बागेचा नमुना प्रयोगशाळेत जातो, रेसिड्यूचा, म्हणजे उरलेल्या औषधाचा, कागद आल्याशिवाय घड तोडत नाहीत. काढणीआधी किती दिवस कुठलं औषध बंद ते पोरांना पाठ आहे. लंडनच्या माणसाच्या पोटात किती जातंय ते कोटी भागांत किती, इतकं बारीक मोजतो आम्ही. नदीचा मासा आम्ही खातो, मगर खाते. त्याचा कागद मी तरी कधी बघितला नाही.

माधवी_ऑरलँडो

@कृष्णाकाठचा, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला. संख्या वाढते आहे म्हणजे सगळं ठीक, असं धरावं का, हा माझाही प्रश्न आहे.

अंतःस्रावी

नाही धरता येत. मगर दीर्घायुषी. आज काठावर दिसणाऱ्या मोठ्या मगरी कित्येक वर्षांपूर्वी जन्मलेल्या. शिकार थांबली, बंधाऱ्यांमुळे बारमाही पाणी आलं, तर संख्या वाढेल, आणि तरीही यंदाच्या पिल्लांत काय झालंय ते त्यावरून कळणार नाही. अपॉपकातही पुढे संख्या सावरली. हार्मोनचा गोंधळ तेवढ्याने मिटला असं नाही.

शंकासुर

अंतःस्रावी, कासवांचा प्रयोग मान्य, पण तो प्रयोगशाळेतला. प्रत्यक्ष तळ्यात काय झालं? माझ्या वाचनाप्रमाणे ज्या घरट्यांत डीडीई जास्त तीच अंडी जास्त नासली, असा सरळ संबंध लागला नव्हता. आणि जवळच्या ग्रिफिन तळ्यातही गर्भ मरत होते, तिथे थायमिनची कमतरता पुढे आली. म्हणजे जीवनसत्त्वाचा अभाव, विषाचा नाही. हे कोणी सांगत नाही, कारण त्याची बातमी होत नाही.

अंतःस्रावी

हे बरोबर आहे, आणि बरं झालं तुम्ही काढलंत. दोन प्रश्न वेगळे करायला हवेत. "अंडी का फुटली नाहीत, पिल्लं का घटली" याला अपॉपकात एकच उत्तर नाही. विष, शेवाळ, आहार, सगळ्यांचा वाटा असू शकतो. "जगलेल्या पिल्लांचे हार्मोन का बिघडले" हा दुसरा. तिथे पुरावा जास्त घट्ट आहे. १९९६ च्या कामात अपॉपकाच्या लहान नरांचं लिंग सरासरी २४ टक्के लहान आणि टेस्टोस्टेरॉन ७० टक्के कमी निघालं. तुलना होती स्वच्छ वुडरफ तळ्याशी. पुढे त्याच गटाने आणखी तळी घेतली तेव्हा सांडलवंड न झालेल्या काही तळ्यांतही कमी टेस्टोस्टेरॉनचे नर सापडले. तुम्ही म्हणाल, बघा, मग डायकोफॉलचा काय संबंध. मी म्हणेन, शेतीचं पाणी तिथेही येत होतं. माझ्या मते मोठा अपघात हा फक्त लक्ष वेधणारा ठरला. रोजचं थोडं थोडं जे जातं ते महत्त्वाचं.

शंकासुर

"माझ्या मते" म्हणालात ते आवडलं.

रसायनीवाला

इथे थोडं भर घालतो. डायकोफॉल डीडीटीपासूनच बनवतात. नीट शुद्ध केलं नाही तर डीडीटी आणि त्याचे भाऊबंद मालात राहतात. १९८० ला अपॉपकात जे गेलं ते असंच. म्हणजे डीडीटीवर बंदी असलेल्या देशात (अमेरिकेने १९७२ मध्ये शेतीतून काढलं) ते दुसऱ्या नावाच्या डब्यातून मातीत जात होतंच.

आपल्याकडे डीडीटी शेतीसाठी १९८९ मध्ये बंद झालं. मलेरिया आणि काळा आजार यांच्या फवारणीसाठी मात्र चालू राहिलं. हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्सच्या रसायनीच्या कारखान्यात ते तयार व्हायचं, आमच्या भागातल्या सगळ्यांना माहीत आहे. डायकोफॉल आपल्याकडे मिरची, कापूस, चहा यांच्या लाल कोळीवर सर्रास वापरलं गेलं. २०१९ मध्ये स्टॉकहोम करारात ते जागतिक बंदीच्या यादीत गेलं.

मलेरियाबद्दल शंकासुरशी सहमत. घराच्या आतल्या भिंतीवर मोजून मारलेलं डीडीटी आणि शेकडो एकरांवर विमानाने उडवलेलं डीडीटी, दोन्हींना एकाच तराजूत घालू नये.

पालभीती

खूपच माहितीपूर्ण चर्चा! मला एक विचारायचंय, थोडं अवांतर आहे. सोसायटीत पेस्ट कंट्रोलवाले झुरळांसाठी जेलचे ठिपके लावून गेले. त्यानंतर स्वयंपाकघरातल्या पाली दिसेनाशा झाल्या. (मला आनंदच झालाय.) त्यांच्यावर पण असा परिणाम होतो का? म्हणजे पुढची पिढी होणार नाही ना?

टवाळ_बोका

काही महिन्यांत पाहुणी पाल येईल, तिला विचारा.

अंडा_करी

आमच्याकडे ट्यूबलाइटवर अंड्याचं टरफल अडकवतात. पाल येत नाही म्हणे. आमच्याकडे दोन पाली टरफलाच्या शेजारीच बसतात.

अंतःस्रावी

पालभीती, हसण्यावारी जाईल पण प्रश्न योग्य आहे. झुरळांच्या जेलमध्ये बहुतेकदा फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड असतं. पाल जेल चाटत नाही, पण जेल खाल्लेलं लडखडतं झुरळ तिला आयतं मिळतं. मॉरिटानियात टोळधाडीसाठी फिप्रोनिल वापरायचं ठरत होतं तेव्हा तिथल्या वाळूतल्या एका सरड्याला फिप्रोनिल लागलेले किडे खाऊ घालून पाहिले. बरेच सरडे मेले. हा हार्मोनचा नाही, सरळ विषबाधेचा प्रकार.

हार्मोनचा प्रकार हवा असेल तर चीनमधली कामं आहेत. उत्तर चीनमध्ये शेताच्या बांधावर राहणारा एक छोटा सरडा आहे, एरेमियास आर्गस. त्याला इमिडाक्लोप्रिडच्या जातीची औषधं थोड्या थोड्या मात्रेत देऊन वृषणांवर आणि लैंगिक हार्मोनवर परिणाम नोंदले गेलेत. आजची औषधं डीडीटीसारखी वर्षानुवर्षं चरबीत राहत नाहीत हे खरं, पण हंगामभर पुन्हा पुन्हा मारली जातात. सरड्याचा विणीचा काळ आणि फवारणीचा काळ एकच.

कृष्णाकाठचा

सरडे कमी झालेत हे खरं. लहानपणी बांधावर दर पाच पावलांवर सरडा मान हलवत बसलेला असायचा. आता पोराला दाखवायला शोधावा लागतो. औषधानं की बांधच राहिले नाहीत म्हणून, ते देव जाणे. धामणीपण कमी. उंदराला औषध घालतात, तो उंदीर धामण खाते. मग उंदीर वाढले म्हणून अजून औषध. आमचा थोरला भाऊ हे ऐकून म्हणतो, मग उसात उंदीर पाळू का?

दुर्भाटकार

गोंयांतून नमस्कार. आमच्याकडे कुंभारजुवेच्या कालव्यात मगरी पाहायला पर्यटकांच्या बोटी जातात. पण त्याहून जुनी गोष्ट मांगेथापणीची. पौषातल्या अमावास्येला खाजन (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या) शेतीच्या बांधाजवळ चिखलाची मगर थापतात, पाठीवर तिसऱ्यांच्या शिंपल्या लावून खवले करतात, पूजा होते. बांध फुटू नये, मगरीने राखण करावी ही समजूत.

आता मूळ मुद्दा. खाजनात भरतीचं पाणी मानशीतून (बांधातल्या झडपेच्या दारातून) आत-बाहेर होतं. एकाच पाण्यात भात, कोळंबी, खेकडे. त्यामुळे आमच्या आजोबांच्या वेळी भातावर काही मारायचंच नाही असा रिवाज होता, मारलं की कोळंबी मरायची आणि मानशीचा लिलाव घेणारा भांडायला यायचा. शास्त्र कोणाला ठाऊक नव्हतं, पण मासळीचा पैसा होता. आता खाजनं पडीक पडलीत, भांडायलाच कोणी उरलं नाही.

शंकासुर

दुर्भाटकार, हा प्रतिसाद स्वतंत्र धाग्याच्या योग्यतेचा आहे. काढाच.

मोदक_मास्तर

मोदक! (अनुमोदन)

डॉ_खुसपट

सगळे मगरींवर बोलताहेत, मी माणसांवर येतो. कासरगोडची गोष्ट आठवा. केरळच्या त्या जिल्ह्यात काजूच्या बागांवर कित्येक वर्षं हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारलं. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथल्या शाळकरी मुलांची तपासणी केली, २००३ मध्ये ती छापून आली. फवारणीच्या गावातल्या मुलांमध्ये वयात येणं लांबलेलं, टेस्टोस्टेरॉन वयाच्या मानाने कमी, आणि मेंदूकडून वृषणांना काम करा असं सांगणारं एलएच वाढलेलं. वरून हुकूम सुटतोय आणि खाली काम होत नाहीये, असा तो अहवाल. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फान थांबवलं.

अपॉपकाचे नर आणि कासरगोडची मुलं यांच्यात रसायन वेगळं, प्राणी वेगळा, पण बिघाडाची दिशा तीच. म्हणून मला सरपटणाऱ्यांचं काम महत्त्वाचं वाटतं. १९९१ मध्ये अमेरिकेत विंगस्प्रेड इथे थिओ कोलबर्न यांनी पक्षी, मासे, माणूस यांवर वेगवेगळं काम करणाऱ्यांना एकत्र बसवलं, तेव्हा कुठे या सगळ्या घटनांना एक नाव मिळालं: एंडोक्राइन डिसरप्शन, म्हणजे हार्मोनच्या कामात ढवळाढवळ. तोवर जो तो आपापल्या प्राण्याचं कोडं एकटा सोडवत होता.

टवाळ_बोका

डॉक्टर, इथे अर्धे सदस्य आता गुपचूप रक्ततपासणीचे दर बघताहेत.

डॉ_खुसपट

बघू देत. सवलत देणार नाही. पण गंभीरपणे, एकट्या माणसाच्या चाचणीवरून कीटकनाशकाचा निष्कर्ष काढता येत नाही. वजन, झोप, मधुमेह, सगळ्याने टेस्टोस्टेरॉन हलतं. पुरुषांच्या शुक्राणूंची संख्या १९३८ ते १९९० मध्ये मिलिलिटरला ११ कोटी ३० लाखांवरून ६ कोटी ६० लाखांवर आली, असं डॅनिश संशोधकांनी १९९२ मध्ये मांडलं. त्यावर आजही वाद आहेत.

विदर्भी_पाटी

मी यवतमाळचा. २०१७ मध्ये कपाशीवर फवारताना आमच्या जिल्ह्यात किती माणसं गेली ते सगळ्यांनी पेपरात वाचलं. उंच झालेली पराटी, डोक्यावरून फवारा, अंगात साधा सदरा. तेव्हा मगरीच्या हार्मोनपर्यंत यायला आम्हाले वेळ आहे भाऊ. आधी फवारणाऱ्याला हातमोजे भेटू द्या.

माधवी_ऑरलँडो

@विदर्भी_पाटी, मान्य. याच्याशीच जुळणारं एक सांगते. अपॉपकाच्या भाजीच्या शेतांवर राबणारे मजूर बहुतेक कृष्णवर्णीय, नंतर मेक्सिको आणि हैतीहून आलेले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारने तळं वाचवायला ही शेतं विकत घेतली, मालकांना पैसे मिळाले, मजुरांची नोकरी गेली. मग शेतांत पाणी सोडून दलदल परत आणायला घेतली, तर १९९८-९९ च्या हिवाळ्यात सहाशेच्या वर पक्षी मेले. पांढरे पेलिकन, करकोचे. मातीत साठलेलं जुनं क्लोरीनयुक्त कीटकनाशक माशांत आलं आणि माशांतून पक्ष्यांत. पुढे कित्येक वर्षं माती उलथवणं, पाणी थोडं थोडं सोडणं हे चालू होतं. मगरींचं रक्त तपासलं, पक्ष्यांची शवविच्छेदनं झाली. आमच्याकडे कोणी कधी बघितलं, असं मजुरांच्या संघटना आजही विचारतात.

विदर्भी_पाटी

हेच म्हणून राहिलो मी.

संपादक मंडळ

पाल, ट्यूबलाइट आणि अंड्याचं टरफल यांवरचे पुढचे प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. कृपया इथे मूळ विषयावर लिहावे.

मी_चिपळूणकरीण

पाहुणे गेले. मूळ प्रश्नावर कोणी आलंच नाही म्हणून लिहिते.

वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्रने ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. पुढे आंजर्ले, गुहागर, दक्षिणेकडे बऱ्याच किनाऱ्यांवर पसरलं. मी हौशी स्वयंसेवक म्हणून हॅचरीत जाते. अंडी वाळूत कुंपणाच्या आत पुरतात, तारीख लिहितात, पिल्लं निघाली की मोजून समुद्रात. वाळूच्या तापमानाची काळजी आता सगळे करतात, कारण कासवांत गरम वाळूत माद्या होतात हे माहीत झालंय. विषाचा विषय मी तिथे कधी ऐकला नाही.

वाशिष्ठीबद्दल: खाडीत मगरी आहेत, पावसाळ्यात पूर आला की त्या चिपळूणच्या रस्त्यावर येतात, व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. वरच्या अंगाला रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. खाडीतले मच्छीमार मासे मेल्याच्या तक्रारी करतात. मासे मेले की बातमी होते, मगरीचं रक्त काढायचं कोणाच्या डोक्यात येईल?

अंतःस्रावी, माझा साधा प्रश्न. पिल्लं निघून गेल्यावर घरट्यात फुटकी टरफलं आणि न उबलेली अंडी राहतात. आम्ही ती मोजतो आणि पुरून टाकतो. त्यातून काही कळतं का?

अंतःस्रावी

कळतं! हा या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न आहे.

पिल्लू बाहेर पडल्यावर टरफलाला आतून एक पातळ, रक्तवाहिन्यांचं जाळं असलेला पडदा चिकटून राहतो. गर्भ त्यातून श्वास घेतो आणि टाकाऊ पदार्थही तिथेच साचतात. मगरी आणि कासवांच्या अंड्यांतल्या या पडद्यावरून आईने अंड्यात कुठली क्लोरीनयुक्त विषं घातली याचा अंदाज घेता येतो, आणि त्यासाठी एकही जीव मारावा लागत नाही. न उबलेल्या अंड्याचा बलक मिळाला तर आणखी उत्तम. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, प्लॅस्टिकमधलीच रसायनं मोजमाप बिघडवतात. स्वच्छ काचेची बरणी किंवा अॅल्युमिनियमची फॉइल, आणि लगेच खोल गोठण. तपासणीचं यंत्र तेच, जे द्राक्षांचे रेसिड्यू मोजतं.

याने हार्मोन कळणार नाहीत, फक्त विष कळेल. हार्मोनसाठी रक्त हवं. मगर आणि समुद्री कासव दोन्ही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, त्यामुळे टरफलालासुद्धा परवानगीशिवाय हात लावायचा नाही. स्वयंसेवक म्हणून उत्साहाच्या भरात काही उचलू नका. पण पुरात वस्तीत आलेली मगर वन खातं पकडतंच. सोडायच्या आधी पशुवैद्य हजर असेल आणि परवानगी आधीच घेतलेली असेल, तर थोडं रक्त काढणं अवघड नाही. शेपटीतून किंवा मानेमागून घेतात. लांबी, नर-मादी, ठिकाण, तारीख लिहायची. लहान मगरी जास्त उपयोगाच्या.

शंकासुर

यात एक अट घाला. तुलनेला शेती आणि कारखान्यांपासून लांबचा पाणवठा हवाच. अभयारण्याच्या आतलं धरण वगैरे. नाहीतर पुन्हा "सगळं खापर डीडीटीवर". आणि तापमानाची नोंदही. महाराष्ट्राच्या मगरींत माद्या जास्त निघाल्या तर ते औषधाने की एप्रिलच्या उन्हाने, ते कळायला हवं.

अंतःस्रावी

बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). पहिल्यांदाच.

माधवी_ऑरलँडो

मला हवं होतं ते मिळालं. म्हणजे "मोजलंय का" याच्याआधी "मोजायला काय लागेल" हे तरी स्पष्ट झालं. चिपळूणकरीण, तुमच्या ओळखीत वन खात्याचं किंवा पशुवैद्यक महाविद्यालयाचं कोणी असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. इथल्या विद्यापीठातून नमुने कसे ठेवायचे याची कार्यपद्धती मिळते का ते मी विचारते. नमुने परदेशी पाठवायचे नाहीत, फक्त पद्धत.

मी_चिपळूणकरीण

व्यनि केलाय. पुण्यात एक मैत्रीण अवशेष तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे, तिलाही विचारते. द्राक्षांचा हंगाम संपला की यंत्रं रिकामी असतात म्हणे.

कृष्णाकाठचा

यंत्रं मोकळी होतात त्याच वेळी, उन्हाळ्यात, आमच्याकडं मगरीची घरटी असतात. पाऊस लागायच्या आधी पिल्लं निघतात. नदीकाठच्या मळीच्या रानाच्या वरच्या अंगाला दोन जागा मला माहीत आहेत. वन खात्याचा माणूस बरोबर असेल तर लांबनं दाखवतो. आई बसलेली असते तिथं, टरफलं कोणी आणायची ते तुम्ही आपसात ठरवा.

टवाळ_बोका

मी आहे ना, फोटो काढायला. झाडावरून.